तहाआधीची धावपळ : सुरतेपासून सालबाईपर्यंत

सुरतेच्या नवागाममधून एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवले आहे. ते लिहितात : "आमचे घराणे मूळचे खानदेशातले, पण दोन पिढ्या इथेच गेल्या. सुरतेत हिऱ्यांचे काम चालते, त्यामुळे अंगोला, काँगो ही नावे आमच्या गल्लीत नवी नाहीत. काँगो आणि रवांडा या शेजारी देशांत शांततेची बोलणी चालली आहेत, त्या बातम्या मी नेमाने वाचतो. त्या वाचताना काही शंका मनात येतात आणि आपल्या इतिहासातही असे काही घडले होते का, असा प्रश्न पडतो." त्यांनी विचारलेले सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न १ : दोन देशांना भांडण मिटवायचे असेल, तर त्यांना सरळ समोरासमोर का बसवत नाहीत? आधी महिनोन्‌महिने एवढ्या गाठीभेटी कशासाठी?

उत्तर : समोरासमोर बसण्याआधी पाच गोष्टी ठरवाव्या लागतात. बसायचे कोणी, कोणाच्या अधिकाराने, मध्यस्थ कोण, जागा कोणती आणि पहिले पाऊल कोणी टाकायचे. यांतली प्रत्येक गोष्ट एका बाजूला सोयीची आणि दुसरीला अडचणीची असते. म्हणून खरी घासाघीस इथेच होते. ती मिटली की उरलेले काम पुष्कळदा काही दिवसांत उरकते.

तुम्ही वाचता त्याच प्रकरणात हे दिसते. १९९४ साली रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला. तो करणाऱ्यांपैकी अनेक जण सीमा ओलांडून पूर्व काँगोत गेले आणि त्यांच्यातून उभी राहिलेली सशस्त्र संघटना आजही तिथे आहे. आधी तिचा बंदोबस्त करा, असे रवांडा म्हणतो. आधी तुमचे सैन्य मागे घ्या आणि 'एम २३' या बंडखोरांचा पाठिंबा काढा, असे काँगो म्हणतो. असा पाठिंबा आपण देत नाही, हे रवांडाचे उत्तर. तो दिला जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल सांगतात.

अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष लौरेन्सो यांनी आफ्रिकी संघाच्या वतीने मध्यस्थी करून बोलणी बरीच पुढे नेली होती. १५ डिसेंबर २०२४ रोजी लुआंडात दोन्ही राष्ट्राध्यक्षांची भेट ठरली. काँगोने एम २३ शी थेट बोलावे, असा रवांडाचा आग्रह होता. काँगोचे चिसेकेदी त्याला तयार झाले नाहीत आणि रवांडाचे कागामे लुआंडाला आलेच नाहीत. बसायचे कोणी, या पहिल्याच प्रश्नावर सगळे अडले.

प्रश्न २ : मराठ्यांच्या इतिहासात असे उदाहरण आहे का? आणि त्यात आमच्या सुरतेचा काही संबंध?

उत्तर : उदाहरण तर आहेच, आणि त्याची सुरुवातच सुरतेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. पण पुढच्या वर्षी १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला आणि बारभाई या कारभारी मंडळाने त्या बाळाच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. गुजरातेत पराभव होऊन रघुनाथराव समुद्रमार्गे सुरतेला आले आणि मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी तह केला. तोच सुरतेचा तह. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची आणि रघुनाथरावांनी बदल्यात साष्टी, वसई आणि भडोच-सुरतेच्या वसुलातला वाटा द्यायचा, असे ठरले. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतला होता.

हा तह करताना तहाआधीची कुठलीच तयारी झालेली नव्हती. रघुनाथरावांच्या हाती पुण्याची सत्ता नव्हती. जे आपल्या ताब्यात नाही, तेच ते देऊ करत होते. मुंबईकर इंग्रजांकडेही तसा अधिकार नव्हता. १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध आणि तह या बाबतींत मुंबईला कलकत्त्याची संमती घेणे भाग होते. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या कौन्सिलने हा तह नापसंत केला आणि कर्नल अप्टन याला थेट पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठवले. तोवर तिकडे गुजरातेत अडासजवळ लढाईही होऊन गेली होती.

सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस यांनी अप्टनशी पुरंदरावर दोन महिने वाटाघाटी केल्या. साष्टी आणि वसई यांवरून बोलणी फिसकटली. ते कळताच कलकत्त्यात पुन्हा रघुनाथरावांची बाजू घ्यायचे ठरू लागले. पण त्या सुमारास, १ मार्च १७७६ रोजी, इकडे बोलणी पुन्हा जुळून पुरंदरचा तह होऊन गेला होता. रघुनाथरावांना इंग्रजांनी सोडावे आणि त्यांनी नेमणूक घेऊन कोपरगावला राहावे, असे त्यात होते. मुंबईकरांना तो मान्य नव्हता. त्यांनी रघुनाथरावांना आश्रय देणे चालूच ठेवले. मग नानांनी १७७७ मध्ये सेंट लुबिन या फ्रेंच माणसाला पुण्यात मानाने ठेवून घेतले. फ्रान्सशी आपण हात मिळवू शकतो, हे इंग्रजांच्या मनावर ठसवण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

प्रश्न ३ : शांततेची बोलणी जवळ आली की लढाई उलट वाढलेली दिसते. हे कसे?

उत्तर : बोलणी सुरू होतील त्या दिवशी ज्याच्या हातात जेवढा मुलूख असेल, तिथून देवाणघेवाण चालू होते. म्हणून तारीख जवळ आली की प्रत्येक बाजू हाती लागेल ते ठाणे घ्यायला धावते. सामान्य माणसाच्या वाट्याला सगळ्यात भयंकर दिवस पुष्कळदा याच काळात येतात.

लुआंडाची भेट फिसकटल्यावर सुमारे सहा आठवड्यांत एम २३ ने गोमा घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावूही. गोमा हे पूर्व काँगोतले सर्वात मोठे शहर. त्याच्या परिसरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय जवान वर्षानुवर्षे पहारा देत आले आहेत. लाखो माणसे घरेदारे सोडून निघाली. पण याचा राजकीय परिणाम पाहा. एम २३ शी कदापि बोलणार नाही म्हणणारे काँगोचे सरकार मार्चमध्ये त्यांच्याशी थेट बोलायला तयार झाले.

मराठे-इंग्रज युद्धातही हेच झाले. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चाल करून आलेली इंग्रज फौज वडगावला कोंडली गेली आणि तिच्या अधिकाऱ्यांनी साष्टीसकट घेतलेले सगळे परत करण्याचा करार लिहून दिला. त्यांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणून मुंबई आणि कलकत्ता या दोघांनीही तो झिडकारला. बंगालहून निघालेला इंग्रज सेनानी गॉडर्ड फौज घेऊन सुरतेत पोचला आणि त्याने पुण्याशी बोलणी लावली. वडगावनंतर मराठ्यांच्या ताब्यात दिलेले रघुनाथराव वाटेतून निसटले आणि त्याच्याच छावणीत येऊन दाखल झाले. साष्टी परत करा आणि रघुनाथरावांना आमच्या हवाली करा, त्याशिवाय बोलणे नाही, असे नानांनी गॉडर्डला कळवले.

त्यानंतर इंग्रजांनी ठाणी घेण्याचा सपाटा लावला. जानेवारी १७८० मध्ये गॉडर्डने बडोद्याच्या फत्तेसिंगराव गायकवाडांना आपल्याकडे ओढले. त्या करारात तापीच्या दक्षिणेकडचा, सुरत अठ्ठाविशीतला पेशव्यांचा मुलूख इंग्रजांनी स्वतःकडे घ्यायचे ठरले होते. फेब्रुवारीत अहमदाबाद पडले, ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरचा किल्ला, डिसेंबरात वसई. ज्या भागात आज तुमचे नवागाम आहे, तो असा कागदोपत्री एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि पुढे सालबाईच्या तहात परत आला. तिथल्या रयतेला कोणीही विचारले नाही.

प्रश्न ४ : मध्यस्थ बदलत का जातात? आणि मध्यस्थाला यातून मिळते तरी काय?

उत्तर : जो मध्यस्थ आपल्याला सोयीचा, त्याच्याकडे जाण्याचा प्रत्येकाचा प्रयत्न असतो. १८ मार्च २०२५ ला लुआंडात काँगो सरकार आणि एम २३ यांची थेट बोलणी ठरली होती. आदल्याच दिवशी युरोपीय संघाने बंडखोरांच्या नेत्यांवर निर्बंध घातले. ते कारण पुढे करून एम २३ ने माघार घेतली. आणि नेमक्या १८ तारखेलाच कागामे आणि चिसेकेदी कतारच्या अमीरांकडे दोहाला भेटल्याचे जाहीर झाले. आठवड्याच्या आत अंगोलाने मध्यस्थी सोडली. पुढे दोन वेगळ्या वाटा तयार झाल्या : बंडखोर आणि सरकार यांची बोलणी दोहात, दोन देशांची वॉशिंग्टनमध्ये. २७ जून २०२५ रोजी दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. त्या वाटाघाटींना खनिजांच्या आर्थिक सहकार्याचीही जोड होती, कारण पूर्व काँगोच्या खनिजांत अमेरिकेला रस आहे. मध्यस्थाला काय मिळते, याचे एक उत्तर इथेच सापडते.

दुसरे उत्तर महादजी शिंद्यांच्या चरित्रात आहे. १७८० च्या सुमारास नानांनी पुणे, म्हैसूरचा हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौघांची जूट बांधली. इंग्रजांच्या तीनही इलाख्यांवर एकाच वेळी ताण आणायचा, असा तो बेत होता. हैदरने आपला शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला त्याने कर्नल बेलीची फौज पुरती बुडवली. हेस्टिंग्जने मग ही जूट एकेक करून सोडवायला घेतली. गुंटूर परत देऊन निजामाला शांत केले. कटकेकडे आलेल्या नागपूरकरांच्या फौजेला पैसे देऊन थोपवले. माळव्यात इंग्रज फौजांनी महादजींच्या मुलखावर दाब आणला आणि १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूरने त्यांच्याशी वेगळा करार केला. महादजींनी उज्जैनकडे जावे, इंग्रजांनी यमुनेपलीकडे जावे आणि पुण्याशी तह जुळवण्याचे काम महादजींनी करावे, असे ठरले.

इथून महादजींचे स्थान बदलले. पेशव्यांचे सरदार म्हणून लढणारे महादजी आता दोन्ही पक्षांना हवे झाले. हेस्टिंग्जने डेव्हिड अँडरसन याला त्यांच्या छावणीत पाठवले आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई येथे सतरा कलमांचा तह झाला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसह, मराठ्यांना परत मिळाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांना इंग्रजांनी यापुढे मदत करायची नाही, हेही ठरले. तह दोन्ही बाजूंनी पाळला जाईल, याची हमी महादजींनी घेतली. पुढे इंग्रजांनी भडोच त्यांना दिले आणि उत्तरेत त्यांना मोकळीक मिळाली. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी (मुखत्यारपद) आणून तिचा कारभार ते स्वतः पाहू लागले. त्यांनी स्वतःचा लाभ करून घेतला, हे खरे. पण तह टिकवायला लागणारी ताकद आणि पतही त्यांच्याकडे होती. नुसत्या सद्भावनेचा जामीन तहाला पुरत नाही.

प्रश्न ५ : सही झाली की तह झाला, असे आपण समजतो. मग सह्यांनंतरही मान्यतेला महिने का लागतात? हा वेळकाढूपणा नव्हे काय?

उत्तर : काही वेळा असतो. पण सालबाईच्या तहाला पुण्याची मान्यता मिळायला जो उशीर झाला, तो नानांच्या मुत्सद्देगिरीचा कसोटीचा काळ होता, असे मला वाटते.

हेस्टिंग्जने जून १७८२ मध्येच मान्यता दिली. नानांनी मात्र शिक्का उठवला नाही. याची दोन कारणे होती. साष्टी मुंबईला लागून असलेली, आणि वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून जिंकलेली. ती कायमची सोडायला नानांचे मन तयार नव्हते. दुसरे कारण हैदर. एकट्याने तह करायचा नाही, असा त्याच्याशी करार होता आणि तो अजून कर्नाटकात इंग्रजांशी झुंजत होता. सालबाईच्या कागदात तर त्याच्या सहीशिवाय त्याच्यावर एक कलम लादलेले होते : इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख त्याने सहा महिन्यांत परत करावा. नानांचे वकील श्रीरंगपट्टणला होते, हैदरचा वकील पुण्यात. जोवर शिक्का उठत नाही, तोवर इंग्रजांवर दोन्हीकडून दडपण राहणार आणि साष्टीसाठी आणखी ओढता येणार, हा नानांचा हिशेब होता.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अली मरण पावला. ते दडपण त्याच दिवशी ओसरले. २० डिसेंबरला नानांनी शिक्कामोर्तब केले आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहनाम्यांची अदलाबदल झाली. साष्टी आली नाही.

नानांनी मित्राला दिलेला शब्द जमेल तितके दिवस राखला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण शेवटी मित्राला न विचारता त्याच्या वतीने कलम मान्य झाले, हेही तितकेच खरे आहे. म्हैसूरचे युद्ध त्या कलमाने थांबले नाही. हैदरचा मुलगा टिपू याने ते पुढे चालवले आणि ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरला स्वतंत्र तह केला, तेव्हाच ते संपले. १७९० मध्ये पुण्याने इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर टिपूविरुद्ध हातमिळवणी केली. दक्षिणेतली जी एकजूट इंग्रजांना सर्वांत जड गेली असती, ती पुन्हा कधी बांधली गेली नाही.

काँगोतही आज तोच पेच आहे. जूनच्या वॉशिंग्टन करारावर एम २३ ची सही नव्हती, कारण तो दोन देशांमधला करार होता. ४ डिसेंबर २०२५ रोजी दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनमध्ये पुन्हा सह्या केल्या आणि त्याच महिन्यात उविरा शहर बंडखोरांच्या हाती गेले. जो प्रत्यक्ष बंदूक धरून आहे, त्याला वगळून केलेला कागद त्याची बंदूक खाली ठेवू शकत नाही.

प्रश्न ६ : मग कुठला तह टिकणार, हे बातमी वाचून आम्ही कसे ओळखावे?

उत्तर : नक्की भाकीत कोणीच करू शकत नाही. पण काही प्रश्न स्वतःला विचारता येतात. सही करणाऱ्याच्या हातात तो देत असलेली वस्तू खरोखर आहे का? ज्याच्यापाशी शस्त्रे आहेत, तो बैठकीत आहे का? तह मोडला, तर मोडणाऱ्याला आवरण्याची शक्ती आणि इच्छा असलेला जामीन कोणी आहे का? आणि आधी कोणी काय करायचे, याचा क्रम तारखांसह लिहिलेला आहे का?

आपल्याच तीन तहांना हे प्रश्न लावून पाहा. सुरतेचा तह एका अडचणीत सापडलेल्या माणसाने, अधिकार नसलेल्या कौन्सिलशी केला; त्यातून सात वर्षांचे युद्ध उद्भवले. सालबाईचा तह प्रदीर्घ ओढाताणीनंतर, सत्ता असलेल्या कारभाऱ्यांनी, महादजींसारख्या जामिनासह केला. त्याने मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षे शांतता राहिली. त्यात ज्याला वगळले, त्या म्हैसूरपुरता तो अपुरा ठरला. आणि रघुनाथरावांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी केलेला तह पाहा. पुण्यातून पळून आलेल्या पेशव्याने, शिंदे आणि भोसले यांना न विचारता तो केला. आठ महिन्यांत दुसरे मराठे-इंग्रज युद्ध पेटले आणि मराठी सत्तेचे कंबरडे मोडले.

तहाआधीची धावपळ सामान्य वाचकाला कंटाळवाणी वाटते आणि सहीचा समारंभ तेवढा लक्षात राहतो. माझी विनंती अशी की लक्ष उलटे द्यावे. वकिलांच्या फेऱ्या, बैठकीला कोण आले आणि कोण आले नाही, कुठल्या शहरावर कोणाचा ताबा आहे, मध्यस्थाला काय हवे आहे, या छोट्या बातम्या वाचून ठेवाव्यात. त्या उशिरामागे सीमेवरच्या माणसांचे जीव टांगणीला लागलेले असतात, म्हणून तो उशीर कशासाठी वापरला जातो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पूर्व काँगोत आज दोन सरकारे वॉशिंग्टनमध्ये सह्या करतात आणि बंडखोर दोहात बोलतात. हे दोन्ही कागद एकमेकांना जोडले जात नाहीत आणि ते पाळले जातील याची जबाबदारी कोणी उचलत नाही, तोवर तिथे शांतता झाली, असे समजण्याची घाई आपण करू नये.